फ्रेम विस्कटते म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी नाशिकरोडला राहते, सेकंड इयरला आहे आणि यंदा आम्हाला फोटोग्राफीचा पेपर आहे. मामाने त्याचा जुना कॅनन १५००डी दिलाय, सोबत १८-५५ मिलिमीटरची, झूम होणारी किट लेन्स. रूल ऑफ थर्ड्स, लीडिंग लाइन्स, फ्रेममध्ये फ्रेम हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकले, ग्रिड लावूनच फोटो काढते. तरी सर दर वेळी एकच म्हणतात, "फोटो ठीक आहे, पण फ्रेम विस्कटलीय." म्हणजे काय ते विचारलं तर म्हणतात बघत रहा, कळेल. मैत्रिणी म्हणतात ५० ची प्राइम (झूम न होणारी) लेन्स घे, फोटो आपोआप भारी येतात. बाबा म्हणतात एवढ्यात खर्च नको. मला २०२७ च्या कुंभमेळ्यात नीट काम करायचंय. तीन फोटो पाठवतेय. लेन्स घेऊ, की माझ्यात ती नजरच नाहीये असं समजू?
– एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर:

अगं, ते शेवटचं वाक्य आधी खोडून टाक. नजर नाही असं ज्याला वाटतं तो सकाळी सातला नाशिकरोडवरून रामकुंडावर जात नाही, आणि गेलाच तर अर्घ्य देणाऱ्या आजींपाशी थांबत नाही. तू थांबलीस. त्या फोटोवरच आधी बोलू, कारण सरांच्या त्या एका वाक्याचा सगळा अर्थ त्या एका फोटोत आहे आणि तो मला तुला दाखवायचाय.

फोटो समोर घे. आजी उजव्या थर्डवर, म्हणजे फ्रेमचे उभे तीन सारखे भाग केले तर उजवीकडच्या रेषेवर, बरोब्बर उभ्या आहेत, हातात तांब्या वर धरलेला, डोळे मिटलेले, तोंडावर ऊन. ग्रिडप्रमाणे सगळं जागच्या जागी. आता आजींना सोड आणि बाकीचा फोटो बघ. डोक्यातून एक लाइटचा खांब उगवलाय. डावीकडे वर आभाळाचा पांढरा फटक तुकडा आणि त्यात कुणाच्या तरी बॅनरचा अर्धा चेहरा. खाली उजव्या कोपऱ्यात पांढरी कॅरीबॅग पडलीय, पूर्ण फोटोत तिच्याइतकं चमकदार दुसरं काहीच नाही, त्यामुळे मी फोटो उघडल्या उघडल्या माझा डोळा आधी तिच्यावर गेला, आजींवर नाही. पावलं घोट्यापाशी कापली गेलीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाण्याची धार. तांब्यातून पडणारी ती धार हाच तर तुझा फोटो होता ना? ती नेमकी मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या शर्टवाल्या माणसावरून पडतेय, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं, म्हणजे धार आहेच नाही. तुला तिथं उभं असताना ती दिसली असणार कारण ती हलत होती आणि आपले दोन डोळे पुढचं-मागचं वेगळं करतात. कॅमेऱ्याला एकच डोळा आणि फोटोत काहीच हलत नाही.

हे विस्कटणं. सब्जेक्ट चुकलेला नाहीये, त्याच्या भोवतीचं तू बघितलंच नाहीस.

आणि हे सगळ्यांचंच होतं गं, आपलं डोकंच तसं चालतं. आपण माणूस बघतो तेव्हा खांब, बॅनर, कॅरीबॅग सगळं डोकं आपोआप गाळून टाकतं, ओळखीच्या आवाजासाठी लग्नातला बँडसुद्धा गाळतं तसं. म्हणून मुद्दाम सवय लावावी लागते. घरात कुणी भाकरी थापत असेल तर बघ, मधल्या भागाकडे लक्षच नसतं, हात सारखा कडेकडेने फिरतो, कारण कड जाड राहिली की भाकरी कच्ची राहते. तसंच, बटण दाबायच्या आधी डोळा एकदा फ्रेमच्या चारी कडांवरून फिरवायचा. वरची कड, उजवी, खालची, डावी. तिथं काय अर्धं कापलं जातंय, काय चमकतंय, काय उगाच डोकावतंय. पहिले काही दिवस यात इतका वेळ जाईल की क्षण निघून जातील. जाऊ दे ते क्षण. नंतर अर्ध्या सेकंदात होतं आणि कळतसुद्धा नाही आपण केलं ते.

इथं तुझ्या कॅमेऱ्याची एक गोष्ट लक्षात ठेव जी व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत. १५००डी च्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, फोटोचा साधारण ९५ टक्केच भाग दिसतो, आडवाही आणि उभाही. म्हणजे तू कितीही नीट कडा बघितल्यास तरी चारी बाजूंनी थोडं जास्तीचं फोटोत येणारच, आणि तुझी ती कॅरीबॅग बहुतेक अशीच आत घुसलीय. मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू चालू केलास की पूर्ण फ्रेम दिसते. बॅटरी लवकर संपते, पण शिकताना जिथं सब्जेक्ट पळून जाणार नाहीये तिथं लाइव्ह व्ह्यूवरच कडा तपास.

आता त्या आजींचा फोटो तिथल्या तिथे कसा सुधारला असता ते बघ. तू त्यांच्या बरोबरीने खाली उभी होतीस, म्हणून मागे आभाळ, खांब, बॅनर सगळं आलं. घाटाच्या तीन-चार पायऱ्या वर चढून कॅमेरा जरा खाली कलवला असतास तर आभाळ फ्रेमच्या बाहेर, त्याच्यासोबत खांबही बाहेर, आणि आजींच्या मागे फक्त ओल्या काळ्या पायऱ्या आणि कुंडाचं पाणी. मग दोन पावलं बाजूला सरकायचं, तो पांढरा शर्ट आजींच्या पाठीआड जाईपर्यंत किंवा फ्रेमबाहेर जाईपर्यंत. तिथं सकाळी ऊन पंचवटीच्या बाजूने येतं, आजी सूर्याकडेच तोंड करून उभ्या, म्हणजे तू जरा त्यांच्या मागच्या अंगाला गेली असतीस तर ऊन धारेच्या पलीकडून आलं असतं आणि काळ्या दगडावर ती धार चांदीच्या तारेसारखी उठून दिसली असती. चेहरा अर्धाच मिळाला असता, पण मिटलेला एक डोळा, तांब्याचा काठ आणि धार, एवढं पुरे होतं. बघ, यात लेन्स कुठेच आली नाही. चार पायऱ्या आणि दोन पावलं.

रूल ऑफ थर्ड्सचं सांगते, कारण तू त्याच्यावर फार भार टाकलायस. तो कॅमेऱ्याहूनही जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांबद्दल लिहिताना त्याला ते नाव दिलं, आणि फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. त्याचं म्हणणं होतं की आभाळ आणि जमीन, उजेड आणि अंधार असे दोन सारखे अर्धे तुकडे करू नका, एकाला जास्त जागा द्या. म्हणजे मुळात प्रश्न असा की या फोटोत जास्त महत्त्वाचं काय. आपण त्याचं करून टाकलं ग्रिडच्या रेषा छेदतात ती चार टिंबं आणि त्यावर डोळा ठेवायचा. तू आजींना टिंबावर ठेवलंस पण उरलेल्या दोन तृतीयांश जागेत काय ठेवायचं हे ठरवलंच नाहीस, मग ती जागा बॅनर आणि खांबाने भरली. ग्रिड महिनाभर बंद कर. क्षितिज सरळ ठेवायला लागतो तेव्हा लाव, बाकी नको.

दुसरा फोटो, पांडवलेणीचा. अंधाऱ्या लेण्याच्या दारातून बाहेर बघणारी मैत्रीण, फ्रेममध्ये फ्रेम. कल्पना छान आहे, आणि नाशिकमध्ये यासाठी जागांना तोटाच नाही, २४ लेणी आहेत तिथं, शिवाय जुन्या गावातल्या वाड्यांचे दिंडी दरवाजे, नारोशंकराच्या देवळाचा तट. पण तुझ्या फोटोत दाराची डावी चौकट पूर्ण दिसते, उजवी अर्धी आणि वरची दिसतच नाही, त्यामुळे ते दार वाटत नाही, डाव्या बाजूला काहीतरी काळं आडवं आलंय असं वाटतं. आतली फ्रेम घ्यायची तर ती कळेल एवढी घे. चारी बाजू हव्यातच असं नाही, पण जी बाजू घेतेस ती ठामपणे घे. दुसरं, मैत्रिणीचं डोकं दाराच्या काळ्या कडेला चिकटलंय, काळे केस काळ्या दगडात विरघळले. तिला एक वीतभर उजेडाकडे सरकवलं असतंस तर केसांभोवती, खांद्याभोवती मोकळी जागा मिळाली असती. आणि बाहेरचं सगळं पांढरं पडलंय कारण कॅमेऱ्याने आतला अंधार मोजला. बाहेरच्या उजेडावर कॅमेरा धर, मागचं स्टारचं बटण दाब, एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, तिथं थोडा वेळ लॉक होतं, मग परत फ्रेम लाव. लेणं काळं होईल, होऊ दे, तेच हवंय.

तिसरा गंगापूर धरणावरचा सनसेट, त्याच्याबद्दल विशेष काही नाही. आभाळ सुंदर होतं, ते तू काढलंस. एवढंच.

लेन्स. ५० ची घेऊ नकोस, आत्ता नको. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा आतला भाग, जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे, १.६ ने गुणावं लागतं, म्हणजे ५० ची लेन्स तुझ्याकडे ८० सारखी वागणार. चेहऱ्यांना मस्त, पण जुन्या नाशकातल्या बोळात किंवा घाटावरच्या गर्दीत तुला सारखं मागे सरकायला लागेल आणि मागे भिंत असेल. मैत्रिणी म्हणतात फोटो आपोआप भारी येतात, ते बॅकग्राउंड धूसर होतं म्हणून वाटतं. खांब धूसर झाला तरी तो डोक्यातूनच उगवलेला असतो ना. बॅकग्राउंड पुसून टाकायची सवय लागली तर ते लावायला कधीच शिकणार नाहीस, आणि कुंभात तुला बॅकग्राउंडच लागणार आहे.

त्यापेक्षा हे कर. किट लेन्सवर ३५ चा आकडा आहे, तिथं झूमची रिंग आणून त्यावर चिकटपट्टी लाव. ३५ गुणिले १.६ म्हणजे ५६, साधारण फिल्म कॅमेऱ्यावरची तीच ५० वाली नजर जिच्यावर कार्टिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरने आयुष्यभर बहुतेक काम केलं. झूम बंद झाला की पाय चालू होतात. आणि पायांनी जे होतं ते झूमने होतच नाही, हे एकदा स्वतः करून बघ. गोदाकाठी संध्याकाळी आरतीच्या वेळी एक दिवा तुझ्यापासून तीन फुटांवर आहे आणि मागचं देऊळ तीस फुटांवर. तू दीड फूट पुढे गेलीस तर दिवा फोटोत दुप्पट मोठा होतो, देऊळ मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. नुसता झूम केलास तर दोन्ही सारखेच मोठे होतात, त्यांचं एकमेकांशी नातं तसंच. दिवा मोठा की देऊळ मोठं हे तू कुठं उभी राहतेस त्यावर ठरतं, आणि माझ्या मते कंपोझिशनचा निम्मा भाग इथेच उरकतो, फ्रेम लावायच्या आधी.

बिनखर्चाची अजून एक गोष्ट. घरात जुनी जाड लग्नपत्रिका असेलच. तिच्या पुठ्ठ्यात ७.२ सेंटीमीटर रुंद आणि ४.८ सेंटीमीटर उंच अशी खिडकी काप. एक डोळा मिटायचा आणि पुठ्ठा दुसऱ्या डोळ्यापासून ११ सेंटीमीटरवर धरायचा. जे दिसेल ते जवळपास तुझ्या ३५ च्या लेन्सला दिसतं तेच. बसस्टॉपवर, गच्चीवर, भाजीबाजारात, कॅमेरा नसताना बघत बस. एक डोळा मिटल्यामुळे सगळं सपाट होतं आणि खांब डोक्यातून उगवलेला तिथल्या तिथं दिसतो. लोक बघतील, बघू देत.

क्रॉपबद्दल तू विचारलं नाहीस पण तुझे तिन्ही फोटो चार बाय पाच कापलेले आले, इन्स्टासाठी असणार. कापणं पाप नाही. त्याच ब्रेसाँचा १९३२ चा तो डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो कापलेला आहे, कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून काढल्यामुळे एक बाजू झाकली गेली होती. पण तो एरवी कापत नसे, पूर्ण फ्रेम छापायचा, म्हणून त्याला कडा बघायची सवय होती. नंतर कापू असं डोक्यात असलं की कडा बघणं होतच नाही. महिनाभर कापू नकोस.

माझं सांगते. अगदी सुरुवातीला एका स्थानिक पेपरसाठी मला रंगपंचमीला तिवंधा चौकातली रहाड काढायला पाठवलं होतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, रहाड म्हणजे पेशवाईपासूनचा जमिनीतला दगडी हौद, वर्षभर बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडून रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. माझ्याकडे एकच रोल, छत्तीस फोटो. मी एका वाड्याच्या गॅलरीत चढले आणि वरून सगळी गर्दी घेतली, छत्तीसच्या छत्तीस. धुऊन आल्यावर बघते तर नुसती डोकी. डोक्याला डोकं चिकटलेलं, कोण उडी मारतंय, कोण बघतंय, काही कळेना. एकही छापला नाही. रडले मी घरी येऊन. पुढच्या वर्षी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून हौदाच्या काठाशी एक जागा धरली, अगदी खाली बसले, आणि आधी माणसं बघितलीच नाहीत, मागची भिंत बघितली. एका जागी भिंत अंधारी होती आणि वर गॅलरीत चार-पाच चेहरे. म्हटलं इथं कुणीतरी हवेत आलं पाहिजे. अडीच तास तिथंच बसले, माणसं येत होती, उडी मारत होती, कुणाचा हात गॅलरीला चिकटायचा, कुणी भिंतीच्या उजेडाच्या भागात जायचं. मग एक मुलगा नेमका त्या अंधारावर सुटा दिसला, पाय पोटाशी घेतलेले, पुढे कुणाचा तरी रंगलेला हात वर, मागे ते चेहरे वाकून बघतायत. तीन थर, आणि एकही थर दुसऱ्याला चिकटलेला नाही. तो फोटो छापून आला, पण त्याहून मोठं म्हणजे मला त्या दिवशी कळलं की आधी जागा शोधायची आणि मग माणसाची वाट बघायची. गर्दीत तर हेच चालतं, कुंभात दुसरं काही चालणारच नाही.

म्हणून तुझं होमवर्क हे. एक जागा ठरव, एकच. रामकुंड लांब पडत असेल तर नाशिकरोडची एखादी चहाची टपरी, देवीचौकातला एखादा कोपरा, काहीही. चार आठवडे तिथंच जा, वेगवेगळ्या वेळी, ३५ ला चिकटपट्टी लावून. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, पहिला मोठा सिनेमा करायच्या आधी, काय केलं होतं माहितीये? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का केला आणि रोज त्याच फ्रेममध्ये थोडं थोडं टिपत गेले, बी रुजून वेल होईपर्यंत. फ्रेम हलत नाही तेव्हा आत काय बदलतंय ते दिसायला लागतं. तुलाही दिसेल, टपरीवरची सावली सकाळी कुठं असते, स्टोव्हची वाफ कुठल्या वेळी उजेडात येते, कुठं उभं राहिलं की मागचा बोर्ड झाकला जातो. पांडवलेणीला जातेसच तर पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, जाऊन ये.

एक मात्र कळकळीने सांगते. रामकुंडावर जाणार असशील तर तिथं फक्त अर्घ्य देणाऱ्या आजी नसतात, अस्थी घेऊन आलेले, दशक्रियेला बसलेले लोकही असतात, मुंडण केलेला मुलगा बापाचं पिंडदान करत असतो. त्याच्यावर ऊन कितीही सुंदर पडू दे, कॅमेरा खाली ठेव. कपडे बदलायच्या जागेकडे आणि ओल्या कपड्यातल्या बायकांकडे तर लेन्स वळवायचीच नाही. ज्याचा फोटो घेतेस त्याला आधी नाहीतर नंतर विचार, नजरेने विचारलंस तरी लोकांना कळतं, आणि नको म्हणाले तर हसून डिलीट कर.

चार आठवड्यांनी मला तीनच फोटो पाठव, एकाच जागेचे, न कापलेले, प्रत्येकाखाली वेळ लिही आणि तू कुठं उभी होतीस ते लिही. लेन्सचं त्यानंतर बोलू, तोपर्यंत बाबांचं ऐक. सरांनाही तेच तीन दाखव आणि विस्कटली म्हणाले तर कुठल्या कडेला, एवढं एकच विचार.

आणि त्या आजींच्या फोटोची चार बाय सहाची प्रिंट काढून घे, मूळ फाइलवरून काढ म्हणजे कॅमेऱ्याची पूर्ण फ्रेम न कापता बसते त्यात. कॅरीबॅगसकट. रोज येणाऱ्यांपैकी असतील तर सकाळी सातला तिथंच भेटतील, त्यांना नेऊन दे.